एंट्री टाकणं आणि खातं जुळवणं: नागपुरात अकाउंटंटची नोकरी

उमरेडच्या एका मुलीने विचारलं आहे. बी.कॉम. झालं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा कोर्स झाला. हातात दोन नोकऱ्या आहेत. इतवारीतला किराण्याचा ठोक व्यापारी १४ हजार देतो आहे, धंतोलीतलं एक सीए ऑफिस ९ हजार. घरचे म्हणतात, १४ हजार घे. मोठा भाऊ म्हणतो, या लाइनमध्ये जाऊच नको, पाच वर्षांत सगळं कॉम्प्युटर करेल. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं आहे, "ताई, या कामात खरंच काही आहे का, की मी चुकीच्या वेळी आले?"

आधी या शेवटच्या ओळीबद्दल बोलते, कारण तीच तुला झोपू देत नसणार. तू चुकीच्या वेळी आलेली नाहीस. पण तुझा भाऊही अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग नीट समजून घेतलास तर पहिली नोकरी कोणती घ्यायची हे ठरवणं सोपं जाईल.

मी २००० साली या कामाला लागले, महिना १,५०० रुपयांवर. गांधीबागेत कापडाची एक गद्दी, म्हणजे ठोक व्यापाऱ्याची पेढी, होती. तिथे म्हातारे मुनीमजी लाल वहीत रोकड लिहायचे आणि माझं काम तीच रोकड संध्याकाळी टॅलीत चढवण्याचं. येणारा-जाणारा त्यांना ऐकवायचा, मुनीमजी, पोरगी आली, आता तुमची सुट्टी. पण पुढची सहा वर्षं, ते स्वतःहून घरी बसेपर्यंत, कोणत्या पार्टीकडून किती येणं आहे आणि कोणाचा माल थांबवायचा हे शेठ त्यांनाच विचारायचे. मला एंट्री येत होती. त्यांना खातं कळत होतं. हा फरक समजायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून तुला आजच सांगते आहे.

१ एप्रिल २००५ला महाराष्ट्रात व्हॅट आला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. दोन्ही वेळा ऐकलं होतं की आता कागदपत्र सोपं होणार, अकाउंटंट लागणार नाहीत. दोन्ही वेळा काम वाढलं. पण दोन्ही वेळा माझ्या ओळखीतली काही माणसं मागे पडली, हेही खरं. ती आळशी नव्हती. त्यांना फॉर्म भरता येत होता, आणि फॉर्मच बदलला. आता १ एप्रिल २०२६पासून आयकराचा २०२५चा नवा कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पैसे देतानाच कापायच्या कराची, म्हणजे टीडीएसची, १९४सी, १९४जे ही जुनी कलमं पाठ करून बसलेल्याला सगळं नव्याने करावं लागतंय. ठेकेदाराला पैसे देताना कर का कापतात, कधी कापत नाहीत, हे ज्याला समजलं आहे त्याला नवा क्रमांक वहीत लिहून घ्यायचा, एवढंच.

यंत्र आज काय करतं ते बघ. बँकेचं स्टेटमेंट टॅलीत सरळ आत घेता येतं. बिलाचा फोटो वाचून व्हाउचर, म्हणजे टॅलीतली नोंद, बनवणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्यांना १ ऑगस्ट २०२३पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागलं, त्यांची विक्रीची बिलं आर-वनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या विक्रीच्या विवरणपत्रात, आपोआप येऊन बसतात. खरेदीचं टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या आपल्या बिलांची यादी, दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार मिळतं. म्हणजे बिल बघून आकडा टाकणं, ज्याला आम्ही पंचिंग म्हणतो, ते कमी होत जाणार. तुझ्या भावाला हेच दिसतंय आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दिवसभर फक्त पंचिंग करायची नोकरी घेतलीस तर पाच वर्षांनी तुझ्या हातात काही उरणार नाही.

पण टू-बी उघडून बसलीस की पुढचा प्रश्न समोर येतो. आपल्या वहीत बिल आहे आणि टू-बीत नाही. का? पुरवठादाराने आर-वन भरलंच नसेल. तो तिमाही भरणारा असेल आणि त्याने मधल्या महिन्यात बिल चढवलं नसेल. त्याने आपला जीएसटी नंबर टाकताना एक अक्षर चुकवलं असेल. किंवा ते बिलच खोटं असेल, माल आलेलाच नसेल. पहिल्या बाबतीत फोन करायचा आणि गरज पडली तर पैसे अडवायचे. दुसऱ्यात तिमाही संपेपर्यंत थांबायचं. तिसऱ्यात त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्यायची. चौथ्यात शेठजींसमोर जाऊन स्पष्ट सांगायचं की या बिलावरच्या कराचं क्रेडिट (वजावट) मी घेणार नाही. चारपैकी नेमकं काय झालंय हे ओळखायला गोदामातली आवक वही बघावी लागते, बिल्टी (मालवाहतुकीची पावती) बघावी लागते, ट्रकचा नंबर बघावा लागतो, हमालाला विचारावं लागतं. हे काम कोणी मशीनवर सोडत नाही, आणि जो सोडतो त्याच्याकडे दीड-दोन वर्षांनी नोटीस येते.

यूपीआयने तर हे काम अजून वाढवलं. पूर्वी किराणा दुकानाचं बँक स्टेटमेंट महिन्याला तीन-चार पानं असायचं. आता साठ-सत्तर पानं असतं, आणि निम्म्या ओळींत नुसतं मोबाइल नंबर आणि कसलं तरी नाव. एखाद्याकडून ४० हजार आले. ते जुन्या उधारीचे, की पुढच्या मालाचा ॲडव्हान्स, की शेठजींच्या मेव्हण्याने परत केलेले हातउसने? तिघांची एंट्री वेगळी, तिघांचा करही वेगळा. स्टेटमेंट आत घेणारं सॉफ्टवेअर तिन्ही एकाच खात्यात टाकून मोकळं होतं.

जुळवणीच्या दोन जुन्या युक्त्या सांगते, मुनीमजींनी मला पहिल्याच पावसाळ्यात शिकवलेल्या. पार्टीचा उतारा (तिच्या वहीतलं आपलं खातं) आणि आपलं खातं यात फरक आला की आधी तो ९ने भागून बघायचा. निःशेष भाग गेला तर बहुतेक वेळा कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेले असतात. ४,५३०चे ५,४३० झाले तर फरक ९०० येतो. भाग गेला नाही तर फरकाचं निम्मं करायचं आणि त्या रकमेची एंट्री शोधायची. फरक १२,४०० असेल तर ६,२००ची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडलेली सापडते. यात आता मी माझी तिसरी जोडली आहे: फरकात १८ टक्के लपलेत का बघायचं. बँकेच्या खात्यात ५९०चा फरक दिसला की मी चेक परत गेल्याचा चार्ज शोधते, ५०० आणि त्यावर जीएसटी ९०. सॉफ्टवेअर कितीही बदललं तरी हे तिन्ही कामाला येतात. आणि नोकरी देणारा जुना माणूस तुला असंच काहीतरी विचारून बघेल, टॅलीचं सर्टिफिकेट बाजूला ठेवून.

आता नागपुरात काम कुठे आहे ते.

इतवारी, गांधीबाग, लकडगंज या बाजारांत माणूस कायम लागतो, कारण माणसं टिकत नाहीत. का टिकत नाहीत ते खाली सांगते. कळमन्याच्या बाजार समितीत अडतीचं, म्हणजे दलालीवर शेतमाल विकण्याचं, काम वेगळंच शास्त्र आहे. शेतकऱ्याची हिशेबपट्टी, हमाली, तोलाई, अडत, बाजार समितीचा सेस. संत्र्याचा आंबिया बहार सुरू झाला की डिसेंबरपर्यंत मान वर करायला फुरसत नाही, मृग बहार आला की फेब्रुवारीपासून पुन्हा तेच. ताज्या संत्र्याला जीएसटी नाही, वाळल्या मिरचीला ५ टक्के आहे, त्यामुळे एकाच आवारात दोन प्रकारची पुस्तकं. अडतीचा हिशेब नीट येणारी माणसं थोडी आहेत आणि अडते त्यांना सहज सोडत नाहीत.

वाडीकडे ट्रान्सपोर्ट आणि गोदामं. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ला शेवटच्या टप्प्यासह पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर. गोदामांची कामं त्या बाजूला वाढताना मी माझ्या पार्ट्यांमध्ये बघते आहे. ट्रान्सपोर्टमध्ये डिझेल, टोल, ड्रायव्हरचा ॲडव्हान्स, भाड्याच्या गाड्या, आणि मालवाहतुकीवरचा जीएसटी कधी गाडीवाल्याने भरायचा, कधी भाडं देणाऱ्याने, हे सगळं समजून घ्यावं लागतं. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या वाहतूकदाराने पॅन आणि तसं लेखी दिलं तर टीडीएस कापायचा नाही. हा कागद फाइलला लावलेला नसतो, आणि ऑडिटला सगळ्यांची धावाधाव होते. असा कागद वेळेवर मागून ठेवणाऱ्या मुलीला मी दोन हजार जास्त देईन.

बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीत कारखान्याची नोकरी मिळाली तर पगार वेळेवर, पीएफ, बस, कॅन्टीन असं बरंचसं बरं मिळतं. पण तिथे एकाला फक्त खरेदी, दुसऱ्याला फक्त स्टोअर असं वाटून दिलेलं असतं. दोन वर्षांनी टेबल बदलून मागायचं, नाहीतर माणूस एकाच खिडकीत अडकतो. रामदासपेठ-धंतोलीतल्या हॉस्पिटलांत विमा कंपन्यांकडून येणाऱ्या पैशांची जुळवणी हे मोठं काम आहे: बिल किती, मंजूर किती, कापलं किती आणि का. मिहानमधल्या आणि शहरातल्या काही ऑफिसांत परदेशी धंद्यांची पुस्तकं लिहिली जातात, क्विकबुक्स किंवा झीरो या सॉफ्टवेअरवर. ऑस्ट्रेलियाचं वर्ष ३० जूनला संपतं, म्हणून त्यांचा मार्च म्हणजे जून. एसी, स्वच्छ ऑफिस, इंग्रजी सुधारतं. मात्र भारतातला कर हातातून निसटतो, तेवढं लक्षात ठेवून जायचं.

आणि एक प्रकार जो बाहेरच्यांना दिसत नाही: पार्टटाइम. एकच अकाउंटंट पाच-सहा दुकानं धरतो, प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोनदा दोन-तीन तास. दुकानागणिक महिना ३ ते ५ हजार. मी स्वतः २०१० ते २०१६ हेच केलं, मुलगी लहान होती म्हणून. पैसे बरे मिळतात, वेळ आपल्या हातात राहतो. पण प्रत्येक दुकानाची जीएसटीची २० तारीख एकाच दिवशी येते, आजारी पडायची सोय नाही, आणि पीएफ-रजा काहीच नाही. पहिली पाच वर्षं हे करू नकोस. अडलं तर विचारायला शेजारी कोणी नसतं.

पगाराचं माझ्या पाहण्यातलं सांगते, नागपूरपुरतं. नव्या माणसाला ९ ते १४ हजार. तीन-चार वर्षांनी जीएसटी, टीडीएस, बँक आणि पार्टी जुळवणी एकट्याने करणाऱ्याला २० ते २५. ताळेबंदापर्यंत पुस्तक नेऊन ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्याला कारखान्यात ३५ ते ५०. पहिल्या पायरीवर खूप माणसं उभी आहेत. दुसऱ्या पायरीवर मला स्वतःला माणूस शोधायला कधी कधी तीन महिने लागतात. गेल्या दिवाळीनंतर मी सोळा मुलामुलींशी बोलले. सगळ्यांना व्हाउचर टाकता येत होतं. बँकेचं खातं जुळवून दाखव म्हटल्यावर दोघींनी करून दाखवलं. दोघींनाही मी ठेवून घेतलं.

आता काम करायची परिस्थिती. यात मी काही झाकणार नाही.

वर्षाचं वेळापत्रक तारखांवर चालतं. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ला आर-वन, १५ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), २०ला थ्री-बी, म्हणजे जीएसटी भरायचं विवरणपत्र. तिमाहीवाल्यांचं आर-वन १३ला, आणि महाराष्ट्रातल्यांचं थ्री-बी २२ला. टीडीएसची तिमाही विवरणपत्रं वेगळी. जुलै आणि सप्टेंबर विवरणपत्रांचे आणि ऑडिटचे, मार्च-एप्रिल वर्षअखेरीचे. या महिन्यांत सीए ऑफिसात रात्री नऊ-दहा वाजतात. २० तारखेच्या संध्याकाळी पोर्टल गोल गोल फिरत राहतं आणि शेठजींचे फोन येत राहतात. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, कर थकला तर वर वर्षाला १८ टक्के व्याज. ते कोणाच्या डोक्यावर फोडायचं असा प्रश्न आला की डोकं नेहमी अकाउंटंटचं. म्हणून पहिल्या दिवसापासून सवय लाव: बिलं कधी मागितली, कधी मिळाली, हे व्हॉट्सॲपवर लेखी असू दे. "सर, ऑगस्टची खरेदीची बिलं अजून आली नाहीत, उद्यापर्यंत द्यावीत", एवढी एक ओळ पुरते. भांडणासाठी नाही लिहायची. महिन्याभराने कोणाला काय आठवतं यावर तुझी नोकरी अवलंबून राहू नये म्हणून.

इतवारीच्या गद्दीची वेळ अकरा ते रात्री साडेआठ-नऊ. उमरेडला परत जायचं असेल तर हा पहिला प्रश्न विचार, पगाराच्याही आधी. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे हे बरं, पण रात्री साडेनऊला स्टँडवर उभं राहायचं की नाही हे तिकिटावर ठरत नाही.

दुसरा प्रश्न बाथरूमचा. लाजू नकोस, विचार. जुन्या बाजारातल्या कित्येक इमारतींत बायकांसाठी वेगळी सोय नाही, आणि मालकाला ते सुचतही नाही, कारण त्यांच्याकडे कधी बाई कामाला नव्हती. मी पहिली चार वर्षं दिवसभर पाणी टाळायचे. नागपूरचा मे महिना, ४५ अंश, पत्र्याखालचा माळा, एक कुलर आणि तोही काउंटरच्या दिशेला. २८व्या वर्षी मुतखडा झाला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता, आणि मला रडू आलं. आज माझ्या ऑफिसात पाच मुली आहेत. जागा बघताना मी आधी बाथरूम बघितलं, मग भाडं विचारलं.

पाठ आणि डोळे याबद्दल थोडक्यात: खुर्ची नीट मागून घे, दर तासाने उठ. चाळिशीनंतर कळतं म्हणून कोणी ऐकत नाही.

पगार बँकेत घे. रोख देतो, दोन हजार जास्त देतो, असं कोणी म्हटलं तरी बँकेत घे. नेमणुकीचं पत्र माग. साध्या कोऱ्या कागदावर तारीख, पद, पगार आणि सही असली तरी चालेल. पुढच्या नोकरीला अनुभव दाखवायला आणि कर्ज काढायला हाच कागद लागतो. माझ्या एका जुन्या ठिकाणी तीन वर्षं पगारातून पीएफ कापला जात होता आणि भरला जात नव्हता. मीच पुस्तकं लिहीत होते, तरी मला फार उशिरा कळलं, कारण पगाराचं खातं शेठजींचा मुलगा स्वतःकडे ठेवायचा. आता पीएफचा यूएएन नंबर घेऊन मोबाइलवर स्वतःचं पासबुक दर महिन्याला बघता येतं. बघत जा. २० माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ लागतो, १० असतील तर ईएसआयसी, २१ हजारांपर्यंतच्या पगाराला. १४ हजारांवर ईएसआयसीचे तुझे १०५ रुपये कापले जातील, मालकाचे ४५५ जातील, आणि दवाखान्याची सोय होईल. १०५ रुपये वाचवायला नको म्हणू नकोस. आणि महाराष्ट्रात महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगाराला व्यवसाय कर नाही. दर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसले तर विचार. बहुतेक वेळा पगारपत्रक करणाऱ्याला माहीतच नसतं.

आता जे सांगते आहे ते यात सगळ्यात महत्त्वाचं. तुझं आधार, पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी पगार आणि पीएफ सोडून कोणत्याही कामासाठी कोणाला देऊ नकोस. काही वर्षांपूर्वी माझ्यासोबत एक मुलगा कामाला होता. मालक गोड बोलायचे. म्हणाले, नवी फर्म काढायची आहे, आमच्या नावावर आधीच दोन आहेत, तुझ्या नावाने काढू, महिन्याला दोन हजार वेगळे देऊ. त्याने कागद दिले. त्या फर्मच्या नावाने मालाशिवाय नुसती बिलं फिरली. दीड वर्षाने त्याच्या घरी नोटीस आली. त्याचा पगार तेव्हा ११ हजार होता आणि मागणी लाखांत होती. मालक म्हणाले, फर्म तर तुझी आहे, सही तुझी आहे. माल न देता बिल फाडणं हा जीएसटी कायद्यात गुन्हा आहे, ५ कोटींच्या वर करचुकवेगिरी गेली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि जामीनही सहज नाही. त्या मुलाची आई माझ्या घरी येऊन बसली होती. तिला काय सांगावं हे मला कळलं नाही.

तसंच, तुझ्या बचत खात्यातून धंद्याचे पैसे फिरवू देऊ नकोस, एकदासुद्धा. पोर्टलवर पार्टीच्या नोंदणीला तुझा मोबाइल नंबर लावू नकोस. सोपं पडतं म्हणून सगळे लावतात, आणि नोकरी सोडल्यावर वर्षभर ओटीपीसाठी फोन येत राहतात. कच्च्यातले, म्हणजे बिलाशिवायचे, व्यवहार बाजारात आहेत, तुला दिसतील. ते बघून लगेच नोकरी सोड असं मी म्हणणार नाही, घर चालवायचं असतं हे मला माहीत आहे. पण खोटं बिल चढवायला सांगितलं तर "माझ्याकडून हे होणार नाही, शेठजी" एवढं एक वाक्य तोंडात तयार असू दे. मी ते दोनदा बोलले आहे. एकदा नोकरी गेली. दुसऱ्यांदा शेठजी दोन दिवस बोलले नाहीत, मग तिसऱ्या दिवशी तिजोरीच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या.

पुढचं शिक्षण. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर सीएच्या इंटरमीजिएटला थेट प्रवेश मिळतो, फाउंडेशन द्यावं लागत नाही. ते मोठं व्रत आहे, घरी स्पष्ट बोलून ठरव. नोकरी करत करायचं असेल तर जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी बघ, वाणिज्य पदवीधराला करता येते, दोन वर्षांत परीक्षा पास व्हावी लागते. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा आपल्याकडे दुर्लक्षित आहे. पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था इतक्या आहेत की त्यांच्या हिशेबाला आणि लेखापरीक्षणाला जाणती माणसं पुरत नाहीत. लेखा व कोषागारे खात्याची कनिष्ठ लेखापाल भरती निघाली तर अर्ज कर. त्यासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंगचं प्रमाणपत्र आत्ताच करून ठेव. जाहिरात आल्यावर पळापळ होते.

मग १४ की ९? घरात तुझ्या ५ हजारांवर खरंच काही अडत नसेल, म्हणजे कोणाचं औषध, भावंडाची फी, कर्जाचा हप्ता, तर धंतोलीला जा आणि दोन वर्षं काढ. सीए ऑफिसात एका वर्षात तीस-चाळीस धंद्यांची पुस्तकं हाताखालून जातात: हार्डवेअर, औषधं, बिल्डर, डॉक्टर, ट्रान्सपोर्ट. गद्दीवर एकाच धंद्याचं एकच पुस्तक दिसतं. मात्र जायच्या आधी सरांना नीट विचार: मला आर्टिकल, म्हणजे सीएचा शिकाऊ, समजून काम द्याल की अकाउंटंट म्हणून? पहिल्या सहा महिन्यांत बँक जुळवणी आणि टू-बी माझ्याकडे येईल का? एखाद्या छोट्या पार्टीचं पुस्तक मी ताळेबंदापर्यंत नेऊ शकेन का? सप्टेंबरात मला उमरेडची बस मिळेल इतक्या वेळेत सोडाल का? चारपैकी तीनला हो आलं तर ९ हजार कमी नाहीत, आणि सहा महिन्यांनी ११ मागायला संकोचू नकोस. सगळ्यांना "बघू" असं उत्तर आलं तर तिथे तुला फायलींचे गठ्ठे उचलायला आणि पंचिंगला घेतायत असं समज.

आणि घरात ५ हजारांनी अडत असेल तर इतवारी घे, मनात काही किंतू न ठेवता. फक्त पहिल्या आठवड्यात शेठजींना सांग की एंट्री तर करीनच, पण महिनाअखेरीला सगळ्या पार्ट्यांचे उतारे मागवून खाती मला जुळवू द्या. कोणताही व्यापारी याला नाही म्हणत नाही, कारण त्याची उधारी त्यातच वसूल होते. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत गेले पाहिजेत, वर्षअखेरीला थकलेले असतील तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे गेले नाहीत तर घेतलेलं जीएसटी क्रेडिट उलटवावं लागतं. या दोन तारखा लाल रंगात दाखवणारी एक यादी दर सोमवारी शेठजींच्या टेबलावर ठेव. दुकानात राहूनही तू खातं कळणारी होशील, फक्त तुला स्वतःहून मागून शिकावं लागेल.

कुठेही गेलीस तरी पहिल्या महिन्यात बँकेचं खातं जुळवताना थोडासा फरक उरेल. वरिष्ठ म्हणतील, सोड, सस्पेन्सला, म्हणजे न सापडलेल्या रकमांच्या खात्याला, टाक. सोडू नकोस. ४७ रुपये २० पैसे असतील तर मेसेजचा किंवा कार्डाचा चार्ज शोध, ४० आणि त्यावर १८ टक्के. त्यातही सापडलं नाही तर स्टेटमेंटचं आणि लेजरचं पान मला पाठव, पार्टीचं नाव झाकून. रविवारी सकाळी मी मोकळी असते, फोनवर बसून शोधू.